इट टेक्स टू : मजा गेमची की सोबतीची?

ढापण्या

लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात बायकोचा आणि माझ्या प्लेस्टेशनचा संबंध धूळ झटकण्यापुरताच आला. मे महिन्यात लेक आजोळी गेली, जेवणं नऊलाच आटपायला लागली, मालिका बघून दोघंही विटलो आणि मी जरा भीतभीतच 'इट टेक्स टू' लावला. रोज तास-सव्वा तास करत काल संपवला. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वीडनमधल्या हेझलाइट स्टुडिओचा हा गेम मार्च २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. कोडी आणि मे हे नवरा-बायको घटस्फोट घ्यायचं ठरवतात. त्यांची मुलगी रोझ दोन बाहुल्या घेऊन रडत बसते, अश्रू बाहुल्यांवर पडतात आणि आईबाप त्या बाहुल्यांत अडकतात. तो मातीचा, ती लाकडाची. मग आपल्याच घराची शेड, अंगणातलं झाड, मुलीची खोली, बाग असं सगळं वितभर उंचीने पार करत पुन्हा माणूस व्हायचं. एकट्याने खेळता येतच नाही. दुसरा गडी कॉम्प्युटर होत नाही, हाडामांसाचाच लागतो.

आवडलेलं: हा गेम कुठलीच युक्ती शिळी होऊ देत नाही. शेडमध्ये त्याच्याकडे खिळे, तिच्याकडे हातोड्याचं डोकं. तो भिंतीत खिळे ठोकणार, ती त्यांना लटकून झोके घेत पलीकडे जाणार. हात बसतोय तोवर ते काढून घेतात आणि झाडावर गेल्यावर याच्याकडे चिकाची बंदूक, तिच्याकडे पेटत्या काड्या फेकणारी. याने चीक उडवायचा, तिने पेटवायचा. शिवाय विनोद. खारींचं सैन्य गांधीलमाश्यांशी लढतंय आणि त्यांचं लढाऊ विमान चड्डीच्या कापडाचं आहे. त्या विमानात एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने पंखावर खारीच्या सरदाराशी हाणामारी करायची, ती पण जुन्या आर्केडच्या थाटात. ही हसून हसून सोफ्यावरून घसरली.

न आवडलेलं: कथा. दोघं भांडतात, एखादं संकट येतं, ते टळलं की पुन्हा तेच भांडण. आणि ते बोलणारं पुस्तक! त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

संपल्यावर हिला विचारलं, गेम कसा वाटला? म्हणाली, "गेमचं मला काय कळतंय, पण मजा आली." तर मंडळी, मजा नक्की कशाची होती? दोघांनी मिळून पापड लाटले असते तरी आलीच असती का?

कडीपत्ता

पापड लाटताना दर दोन मिनिटांनी कुणी दरीत पडत नाही. एवढा फरक मला पुरेसा आहे.

नर्मदेतला गोटा

सगळे कौतुक करणार, तर मी उलटं बोलतो. गोड आहे, मान्य. पण गेम म्हणून फार पातळ आहे. मेलात तर दंड काय? एक बटण दाबत राहा, दोन सेकंदात परत उभे. नकाशात हरवायची सोय नाही, कुठली वस्तू जमवायची नाही, अवघड-सोपं निवडायचं नाही. तुम्ही म्हणता युक्ती शिळी होत नाही. मी म्हणतो, ती शिजतच नाही. खिळा-हातोड्याचं कोडं जरा डोकं खाजवायला लावेल असं वाटतं, तेवढ्यात पुढचं ताट येतं. पंधरा पदार्थ, प्रत्येकाचा एकेक घास. लग्नाच्या बुफेसारखं. घरी आल्यावर विचारा काय खाल्लं, सांगता येत नाही.

आणि बारा-चौदा तासांत खेळ खलास. परत खेळायचं तर फार तर भूमिका बदलून.

ढापण्या

@गोटा, बुफेची उपमा झकास, पण मला सांगता येतं हो. चुंबकाचा भाग, बागेतल्या गोगलगायींची शर्यत, घड्याळातला भाग. वर्षभरापूर्वी ऐंशी तास घालवलेल्या एका गेममधलं मला घोड्याशिवाय काही आठवत नाही.

खिळा

मी याच धंद्यात आहे (मोबाइल गेम, फार आशेने बघू नका), म्हणून गोटा यांच्या मुद्द्यावर थोडं लांबण लावतो.

युक्ती फेकून देणं ही बाहेरून उधळपट्टी दिसते. आतून बघितलं तर तो वेडेपणाच आहे. खेळाडूच्या हातात नवी गोष्ट द्यायची म्हणजे तिची हालचाल, आवाज, ती कुठे अडकते, भिंतीत घुसते का, हे सगळं नव्याने तपासायचं. इथे प्रत्येक वेळी ते दोनदा, कारण दोघांना वेगळी गोष्ट मिळते. वर दोन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात. शहाणा स्टुडिओ असं एकदा केलं की त्याच्या वीस लेव्हल काढून पैसे वसूल करतो. यांनी एका अंतराळाच्या खेळण्यासाठी कोडीला लहान-मोठं होणं आणि मे हिला भिंतीवरून चालणारे बूट दिले, पुढच्या किल्ल्यात तो बर्फाचा जादूगार, ती आगीची तलवार घेतलेली शिलेदार, कॅमेरा थेट आढ्यावर. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या किल्ल्यावर एखाद्याने अख्खा गेम विकला असता.

दिग्दर्शक जोसेफ फारेस आधी सिनेमे करायचा, ते जाणवतं. तो युक्तीकडे प्रसंग म्हणून बघतो. प्रसंग संपला की सेट मोडायचा. गेम यायच्या आधी त्याने मुलाखतीत सांगितलं होतं की यात तोच-तोचपणा येऊन कुणाला कंटाळा आला तर हजार डॉलर देईन.

आता खोट. गोटा म्हणतात तसं ते शिजत नाही याचं कारण एकच: सगळ्यात कच्च्या खेळाडूला धरून चालावं लागतं. जोडीतला एक बहुतेक वेळा पहिल्यांदाच कंट्रोलर धरत असतो. कोडं खरंच अवघड केलं तर तो गळतो, आणि इथे एक गळला की दोघं थांबले.

नर्मदेतला गोटा

हजार डॉलरसाठी अर्ज कुठे करायचा?

बेळगावची सून

आमच्याकडे चौथ्या दिवशी भांडण झालं. गेममधल्या जोडप्याचं नव्हे, आमचं. ह्यांना 'तीन म्हटल्यावर उडी' हे वाक्य कळत नाही. तीन म्हणताना उडी की तीन म्हणून झाल्यावर? यावर पंधरा मिनिटं. सासूबाई आतून विचारतायत काय झालं गं, आणि आम्ही ओरडतोय, "तू आधी मेलीस!" "तुम्ही मेलात म्हणून मी मेले!"

त्या छोट्या स्पर्धा आहेत ना मध्ये मध्ये, पंचवीस आहेत म्हणे, त्यात एक अशी आहे की कोडी भोकांतून डोकं बाहेर काढतो आणि मेने हातोडा हाणायचा. ती आम्ही सलग नऊ वेळा खेळलो. आग्रह माझाच होता. त्यानंतर घरात शांतता नांदली.

कडीपत्ता

यालाच समुपदेशन म्हणतात.

आजी ऑनलाइन

मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि हा गेम पूर्ण केला आहे, हे आधी नोंदवून ठेवते. नातवाबरोबर. त्याला आई-बाबा आठ वाजेपर्यंत मिळत नाहीत, मला दिवसभर कुणी मिळत नाही, तेव्हा आमची जोडी बरी जमली. पहिले दोन दिवस मी नुसती खड्ड्यात. दोन अंगठ्यांनी दोन कामं करायची, एकाने चालायचं आणि दुसऱ्याने मान वळवायची, हे या वयात शिकणं म्हणजे हार्मोनियम शिकण्यासारखं. डावा हात भात्यावर, उजवा पट्टीवर. पण नातू पुढे जाऊन थांबायचा. थांबावंच लागतं, दार एकट्याने उघडत नाही.

गोटा यांना म्हणावंसं वाटतं, मरणाला दंड नाही हे तुम्हाला उणं वाटलं. मला दंड असता तर पहिल्या दिवशीच मी तो रिमोट ठेवून वाती वळायला बसले असते.

एक तक्रार माझीही. पडदा बहुतेक वेळ दुभागलेला. त्यात आपला भाग कुठला हेच मला कळेना. कितीदा तरी मी नातवाच्या अर्ध्याकडे बघत आपली बाहुली चालवत होते. आणि त्या हत्तिणीबद्दल कुणी बोललंच नाही अजून. तिथे मी खेळ बंद करायला सांगितला होता.

ढापण्या

आजी, साष्टांग दंडवत! हत्तिणीचा विषय निघायलाच हवा होता. (पुढे रसभंग आहे, न खेळलेल्यांनी खालचे तीन-चार प्रतिसाद सोडा.)

टिवल्याबावल्या

क्यूटी. राणी क्यूटी. रोझची लाडकी हत्तीण. दोघांच्या डोक्यात भरतं की रोझ रडली म्हणून आपण बाहुल्या झालो, म्हणजे ती पुन्हा रडली की आपण सुटू. मग तिला रडवायचं कसं, तर तिचं आवडतं खेळणं मोडायचं. ती बिचारी ओळख पटल्यावर आनंदाने स्वागत करते. ही दोघं तिला फरफटत कड्यापर्यंत नेतात, ती गयावया करतेय, वाटेत पाय अडकून फाटतो, कान उसवतो. शेवटी खाली. रोझ रडते. आणि होत काहीच नाही!

एवढ्या हसऱ्या गेममध्ये हे कुणाला सुचलं? माझ्या मैत्रिणीच्या सात वर्षांच्या पोराला दोन रात्री झोप नाही. व्हॅक्यूम क्लीनरचे डोळे त्याच्याच नळीने ओढून काढले तेव्हाही जरा कसंसं झालं होतं, पण तो निदान अंगावर आला होता.

खिळा

मला उलट तो संपूर्ण गेममधला सगळ्यात धीट प्रसंग वाटतो. बघा, तोवर हे दोघं प्रत्येक पावलावर कुरकुरतायत. पहिल्यांदा त्यांचं पूर्ण एकमत कशावर होतं? मुलीचं खेळणं मारण्यावर. एकदिलाने, खांद्याला खांदा लावून. आणि नुसतं बघून सुटका नाही. ओढायचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं, दोघांनाही. एकाने हात आखडला तर हत्तीण जागची हलत नाही. सिनेमात तुम्ही डोळे मिटू शकता.

चूक माझ्या मते पुढची आहे. एवढं करून झाल्यावर त्याचं काहीच होत नाही. थोडं ओशाळं वाटतं त्यांना, आणि लगेच पुढच्या जत्रेला. असा प्रसंग लिहायचा तर त्याचं ओझं वाहायची तयारी हवी. इथे लेखकाने विनोदाच्या नावाखाली हात झटकले.

आजी ऑनलाइन

@खिळा, तुम्ही लिहिलंत ते वाचून पटलं. पण तेव्हा नातू म्हणाला, "आजी, तू बटण दाबलं नाहीस तर आपण कायम इथेच." मी दाबलं. मग त्याला म्हटलं, आता जरा वेळ पाणी पिऊ या.

बेळगावची सून

आजी, इथे आमच्या ह्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणे एसीमुळे.

सांजवारा

मी फारसं लिहीत नाही इथे, वाचनमात्र असते. पण कथेबद्दल एक सांगायचंय.

माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मुलगा आता चौदाचा. हा गेम त्याने आणला, "आई दोन जण लागतात" म्हणून. मी सुरुवातीपासून आवंढा गिळून खेळत होते. ते पुस्तक, डॉ. हकीम, दर थोड्या वेळाने उगवतं, कंबर हलवतं आणि 'सहकार्य!' असं ओरडतं. नाव अरबी, हेल स्पॅनिश, वागणं लग्नातल्या आगाऊ मामासारखं. या दोघांनी वेगळं व्हायचं शांतपणे ठरवलेलं असतं. मुलीला टेबलाशी बसवून सांगितलेलं असतं. आणि हे पुस्तक त्यांना कोंडून, दमवून, पुन्हा एकत्र आणायच्या मागे. नको म्हटलेलं त्याला ऐकूच येत नाही. आपल्याकडे असे हकीम प्रत्येक घरात दोन-तीन असतात. माझ्या घरी पाच होते.

मला भीती होती ती मुलाची. शेवटी रोझ घर सोडून जाते, आईबाप आपल्यामुळे भांडतात असं वाटून, आणि दोघं बस स्टॉपवर तिला गाठतात. तिथे मी खेळ थांबवून त्याला विचारलं, तुला कधी असं वाटलं होतं का? "तिसरीत असताना वाटायचं," म्हणाला. "आता नाही." सहा वर्षांत हे मला कळलं नव्हतं.

तर कथा मला पटली नाही. सगळं पुन्हा जुळलं की पोर सुखी, हे पटत नाही. पण त्या कथेमुळेच ते बोलणं झालं, हेही खरं. मग तिला वाईट म्हणू की चांगलं, मला ठरवता येत नाही.

ढापण्या

सांजवारा, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'कथा तीच-तीच' एवढंच मी लिहून मोकळा झालो होतो. तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला.

टिवल्याबावल्या

गेमचाही थोडा बचाव करते. शेवट अगदी चकचकीत नाही. चुंबन होतं, माणसं होतात, पण 'आता आपण कायम एकत्र' असं ठाम काही म्हणत नाहीत. ती जागा मोकळी ठेवली आहे. आणि प्रत्येक भागाचं खेळणं त्यांच्या बिघाडातूनच आलंय. कोडी म्हणतो हिला वेळच नाही, म्हणून घड्याळाच्या भागात त्याला वेळ मागे-पुढे करता येते आणि तिला स्वतःची दुसरी प्रत काढून दोन ठिकाणी राहता येतं. नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला ते लगेच कळतं! त्याने बाग सोडली होती, म्हणून बागेत तो झाडं होतो. तिने गाणं सोडलं होतं, म्हणून शेवटी माळ्यावर तिचा आवाजच हत्यार. संवादांपेक्षा खेळण्यांनी कथा जास्त नीट सांगितली. पुस्तकाला सुट्टी दिली असती तर उत्तम.

कडीपत्ता

अवांतर: 'टेक-टू' नावाच्या बड्या कंपनीने 'इट टेक्स टू' या नावाला हरकत घेतली होती आणि हेझलाइटला ट्रेडमार्कचा अर्ज सोडून द्यावा लागला. जुळवून घ्या म्हणणाऱ्या गेमचंच नावावरून भांडण. डॉ. हकीम तेव्हा कुठे होते?

पोटमाळा

दुसरं अवांतर: आपल्याकडे असा गेम का होत नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' केला, देखणा आहे, पण त्यात हसायला काही नाही, एकट्याने खेळायचा. सासू-सुनेला घेऊन फराळाच्या डब्यांतून वाट काढणारा गेम कुणीतरी करा. चकलीचा सोऱ्या हा शेवटचा बॉस.

बेळगावची सून

चकलीचा सोऱ्या आमच्याकडे आत्ताही बॉसच आहे.

खिळा

@पोटमाळा, पैसे द्या, करतो. हेझलाइटचा पुढचा 'स्प्लिट फिक्शन' मार्च २०२५ मध्ये आला, मिओ आणि झोई या दोन लेखिकांचा. तिथे युक्त्यांचा मारा आणखी जोरात आहे आणि गोटा यांना हवी तशी धारही थोडी आहे. पण 'आपलं घर' ही गंमत त्यात नाही. शेडमधला जुना व्हॅक्यूम, 'दुरुस्त करते' म्हणून सांगून मेने कधीच दुरुस्त न केलेला, तो चिडून अंगावर येतो. असा एक मिक्सर माझ्या माळ्यावर आहे.

पोटमाळा

बरं, कामाचं विचारतो. दोघांना दोन प्रती घ्याव्या लागतात का?

ढापण्या

नाही. एकाच सोफ्यावर बसून खेळणार तर एक प्रत, दोन कंट्रोलर. लांब राहत असाल तर एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याने फ्रेंड्स पास फुकट उतरवायचा. दोन कोटींवर प्रती खपल्या म्हणतात, म्हणजे खेळणारे जवळपास दुप्पट धरा. पीसीवर एका कीबोर्डवर दोघं चालत नाहीत, निदान एक कंट्रोलर घ्याच.

आता मूळ प्रश्नाकडे या बघू. मजा कशाची? पापडाचं काय?

टिवल्याबावल्या

मी दोनदा खेळले. आधी बहिणीबरोबर, मग भूमिका बदलून नवऱ्याबरोबर. गेम तोच. बहिणीबरोबर आम्ही दर कोपऱ्यात थांबून प्रत्येक खेळणं वाजवून बघितलं. नवरा घाईत, 'पुढे चल, पुढे चल'. त्याच्याबरोबर सगळे विनोद निम्मेच ऐकू आले. पहिल्यांदा मी गेमला दहापैकी दहा दिले असते, दुसऱ्यांदा सात. यातून काय ते समजा.

आजी ऑनलाइन

@गोटा, तुम्ही कुणाबरोबर खेळलात ते लिहिलंच नाहीत.

नर्मदेतला गोटा

प्रामाणिकपणे सांगतो. ऑफिसातला एक जण, ऑनलाइन. नावही धड माहीत नव्हतं, दुसऱ्या मजल्यावरचा. त्याला गेममधली सगळी पदकं हवी होती, मला गेम संपवायचा होता. माइक बंद. खिळा कुठे हवाय ते तो उड्या मारून दाखवायचा. चार रात्रींत संपवला.

तरीही माझा मुद्दा मागे घेत नाही. चांगल्या गेमला सोबती कसा आहे यावर अवलंबून राहायला लागू नये. बुद्धिबळ समोरच्याशी एक अक्षर न बोलता खेळलं तरी बुद्धिबळच असतं.

खिळा

आणि भेंड्या?

नर्मदेतला गोटा

...

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. भेंड्या माइक बंद करून होत नाहीत.

आजी ऑनलाइन

नातू शाळा सुरू झाल्यापासून फिरकत नाही. रविवारी चारला या तुम्ही, पुन्हा खेळू. माइक चालू ठेवायचा. मे मीच घेणार, हातोडा माझा.

नर्मदेतला गोटा

आजी, नक्की येतो. प्लेस्टेशन ना तुमच्याकडे? माझ्याकडे पीसी आहे. हा गेम त्या दोघांना एकमेकांशी खेळू देत नाही.

कडीपत्ता

पाठवा दोघांना डॉ. हकीमकडे.